पॉवर स्टिअरिंग जड झाले म्हणून लगेच रॅक बदलू नका

तासगावजवळच्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारले आहे की, त्यांच्या २००९ सालच्या डिझेल सेडानचे पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहे. सकाळी घरून निघताना ते हलके असते. मात्र सांगलीत पोहोचून मार्केट यार्डात गाडी मागेपुढे करायची वेळ आली की दोन्ही बाजूंना जड येते आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबला की पुन्हा हलके होते. पूर्ण वळवल्यावर घों असा आवाज येतो, दीड-दोन महिन्यांनी टाकीत तेल भरावे लागते, आणि गॅरेजमध्ये गाडी नेल्याबरोबर रॅक (स्टिअरिंगच्या वळणाने पुढची चाके वळवणारा दातेरी दांड्याचा भाग) गेला आहे, बदलावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांच्या बंधूंच्या छोट्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे आणि तेही कधीकधी जड होते, तेव्हा दोन्हींचे दुखणे एकच असेल का, असाही त्यांचा प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून रॅक बदलण्याचा निर्णय आज तरी घेता येत नाही. ही लक्षणे रॅकपेक्षा पंपाकडे, पंपाच्या बेल्टकडे आणि पंपाला मिळणाऱ्या तेलाकडे अधिक बोट दाखवतात. रॅक हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत महाग भाग आहे, तो उतरवायला आणि बसवायला मजुरीही सर्वांत जास्त लागते, आणि तरीही निदान न करता पहिल्यांदा बदलला जाणारा भाग बहुधा तोच असतो. सांगलीत स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचेच काम अनेक वर्षे करत असल्याने भंगारात निघालेले रॅक मी उघडून पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेचसे आतून धडधाकट असतात, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. गाडीमालकाचे पैसे जातात आणि स्टिअरिंग जडच राहते.

ही यंत्रणा कशी चालते हे थोडक्यात समजून घेतले, तर पुढचे सगळे सोपे जाईल. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप टाकीतले तेल ओढतो आणि जाड हायप्रेशर पाइपातून रॅककडे ढकलतो. रॅकच्या पिनियनवर, म्हणजे त्या दांड्याला सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर, एक फिरता व्हॉल्व्ह असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवले की त्यातली पातळ टॉर्शन बार किंचित पिळली जाते, व्हॉल्व्हची तोंडे सरकतात आणि तेल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला जाते; दुसऱ्या बाजूचे तेल परतीच्या पाइपातून टाकीत येते. इथे लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, पंप स्वतः दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. वाट अडली की दाब तयार होतो. तुमच्या बागेतल्या फवारणीच्या पंपाचे पाहा, गन बंद केल्यावरच गेजचा काटा वर चढतो. म्हणून स्टिअरिंगला जोर कमी पडत असेल तर प्रश्न दोनच उरतात: पंप पुरेसे तेल ढकलत नाही, की ढकललेले तेल रॅकमध्ये आतल्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला निसटते आहे? पूर्वीच्या सँट्रो झिंग, इंडिका, इनोव्हा अशा गाड्यांत हीच हायड्रॉलिक पद्धत होती, आणि आजही आपल्या भागात अशा गाड्या पुष्कळ आहेत.

आता स्टिअरिंग जड नेमके कधी येते, याकडे वळू. माझ्या दृष्टीने निदानाचे अर्धे काम या एका प्रश्नात होते आणि त्याचे उत्तर मेकॅनिकपेक्षा रोज गाडी चालवणाऱ्यालाच जास्त चांगले देता येते. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर काही मिनिटे जड आणि तेल तापले की हलके, असे होत असेल तर संशय रॅकवर जातो. पिनियनच्या व्हॉल्व्हवर टेफ्लॉनच्या बारीक रिंगा असतात. त्या वर्षानुवर्षे घासून व्हॉल्व्हच्या बाहेरच्या घरात खाचा पाडतात, आणि थंड असताना कडक झालेल्या रिंगा त्या खाचांत नीट बसत नाहीत. याउलट थंड असताना हलके आणि तापल्यावर जड, हे पंप झिजल्याचे ठरलेले लक्षण आहे, कारण तापलेले तेल पातळ होते आणि पंपाच्या झिजलेल्या पात्यांमधून मागे निसटते. फक्त डावीकडे किंवा फक्त उजवीकडे जड येत असेल तर पंप बहुधा निर्दोष असतो. तो दोन्ही बाजूंना तेच तेल पुरवतो, त्यामुळे तो खराब झाला तर दोन्ही बाजू सारख्याच जड व्हायला हव्यात. आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढवल्यावर हलके होत असेल तर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तेलाचा प्रवाह कमी पडतो आहे. तुमच्या गाडीत तापल्यावर जड, दोन्हीकडे जड आणि ॲक्सिलरेटरवर हलके, अशी तिन्ही उत्तरे पंपाच्या बाजूची आहेत. मात्र रॅकच्या पिस्टनचे सील सगळीकडून झिजले असेल तर तेही तापल्यावर असेच वागू शकते, त्यामुळे केवळ लक्षणांवर भागत नाही आणि दाबाची चाचणी करावीच लागते. तिच्याकडे मी पुढे येतो.

त्याआधी जमिनीपासून सुरुवात करावी. पुढच्या टायरांत हवा कमी असेल, किंवा कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर बसवले असतील, तर कोणतेही पॉवर स्टिअरिंग उभ्या गाडीत जड वाटणार. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला हवेचा आकडा पाहून, टायर थंड असताना हवा तपासावी. त्यानंतर गाडीची दोन्ही पुढची चाके जॅकने उचलून स्टँडवर ठेवावीत. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही जाऊ नये. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवावे. आतले तेल सरकत असल्याने थोडा सलग विरोध जाणवेल आणि तो स्वाभाविक आहे. पण एका फेऱ्यात दोन ठिकाणी घट्ट आणि दोन ठिकाणी सैल असे जाणवले तर स्टिअरिंग कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून आवळला आहे, असे समजावे. सगळीकडेच घट्ट लागत असेल तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे टोक) एकेका बाजूने सोडवून चाकाची नकल (चाक ज्यावर बसते आणि वळते तो भाग) हाताने फिरवून पाहावी. जी बाजू घट्ट फिरेल, तिकडचा शॉकॲब्सॉर्बरच्या वरचा बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट जाम झालेला असतो. यांतले काहीही निघाले तर त्याचा तेलाशी, पंपाशी किंवा रॅकशी संबंध नसतो, आणि खर्चही फार कमी येतो.

इथेच एक गोष्ट विचारून घ्यावी, जी बहुतेक जण विचारत नाहीत. खराब रस्त्यावर पुढून खटखट आवाज येत होता म्हणून मध्यंतरी कोणी रॅकचा ॲडजस्टर नट आवळला होता का? तो नट थोडा जास्त आवळला गेला की दात पिनियनवर दाबले जातात, स्टिअरिंग जड होते आणि वळण घेतल्यावर ते आपणहून सरळ येत नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवरून फिरून खटखट आवाज घेऊन येणाऱ्या गाड्यांत हा नट आवळलेला हमखास सापडतो. खटखट बहुधा रॅकच्या बुशची किंवा रॅक एंडची असते आणि नट आवळून ती काही दिवस दबते, इतकेच.

चाके उचललेलीच असताना आणखी एक चाचणी फुकटात होते. स्टिअरिंग सरळ ठेवून हात बाजूला घ्यावेत आणि इंजिन सुरू करावे. स्टिअरिंग आपणहून एका बाजूला फिरू लागले, तर पिनियनचा व्हॉल्व्ह मध्यावर राहिलेला नाही. असा दोष रॅकचाच असतो. रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल आणि या चाचणीत स्टिअरिंग जागचे हलत नसेल, तर ती ओढ टायरची, ब्रेकची किंवा व्हील अलाइनमेंटची समजावी. पुढची दोन टायर डावी-उजवी बदलून पाहिल्यावर ओढही दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा.

आता तेलाकडे वळू, कारण तुमच्या गाडीतला सर्वांत मोठा पुरावा टाकीतच आहे. टाकीचे झाकण उघडून इंजिन आयडलवर चालू ठेवावे आणि दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगावे. तेलावर बारीक फेस दिसत असेल, किंवा इंजिन बंद केल्याबरोबर पातळी थोडी वर चढत असेल, तर तेलात हवा शिरली आहे. हवा शिरण्याची वाट बहुतेक वेळा टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढीच्या पाइपात असते. त्या पाइपात दाब नसून ओढ असते, म्हणून तिथला क्लॅम्प ढिला असला किंवा पंपाच्या तोंडाची ओरिंग (रबरी गोल रिंग) कडक झाली असली, तरी बाहेर थेंब दिसत नाही. तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. घों घों आवाज आणि कमी पडणारा जोर ही दोन्ही लक्षणे नुसत्या हवेमुळेही येऊ शकतात, आणि पाइप, क्लॅम्प, ओरिंग बदलून ती जाऊ शकतात. चालू इंजिनावर त्या सांध्यांवर ब्रशने थोडे तेच तेल लावून पाहावे. आवाज क्षणभर बदलला तर हवा तिथूनच जाते आहे.

इंजिन बंद करून स्वच्छ पिचकारीने थोडे तेल पांढऱ्या कागदावर टाकून उन्हात धरावे. लालसर किंवा फिकट तपकिरी, पारदर्शक तेल चांगले. काळे आणि जळका वास येणारे तेल म्हणजे ते वारंवार अति तापले आहे. ताकासारखे पांढुरके तेल म्हणजे त्यात पाणी गेले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे नेहमी पाहायला मिळत होते, आणि अशी गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर तेल आधी पाहावे. कागदावर तेल पसरल्यावर मागे बारीक चकाकणारे कण राहिले, तर पंप आतून झिजत आहे आणि तो कीस व्हॉल्व्हकडेही जात असतो. टाकीच्या तळाशी जाळी असते. ती गाळाने बुजली की पंपाला तेल कमी पडते आणि तो थंडीच्या सकाळी जास्त ओरडतो. काही गाड्यांत ही जाळी टाकीला जोडलेली असते, म्हणून टाकीच बदलावी लागते. पण टाकी म्हणजे रॅक नव्हे, तिचा खर्च अगदी किरकोळ असतो.

तेल कोणते घालावे, याविषयी फार ढिलाई दिसते. जुन्या गाड्यांपैकी अनेकांत डेक्सरॉन प्रकारचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) चालते, काही कंपन्या स्वतःचे वेगळे तेल मागतात आणि काही युरोपीय गाड्यांत हिरवे हायड्रॉलिक तेल लागते. बहुधा टाकीच्या झाकणावरच ते लिहिलेले असते. नसेल तर पुस्तिका पाहावी. बॉनेटखाली शेजारीशेजारी असलेल्या दोन टाक्यांमुळे गल्लत होऊन पॉवर स्टिअरिंगमध्ये ब्रेक ऑइल घातले गेले, तर गाडी सुरू न करता सगळे तेल काढून धुवावे, कारण ब्रेक ऑइल या यंत्रणेतल्या रबरी सीलना फुगवून निकामी करते. गळती थांबवणारी जी औषधे मिळतात, त्यांचाही परिणाम सील फुगवण्याचाच असतो. गाडी ठेवायची असेल तर ती मी कधीच वापरू देत नाही. काही महिन्यांनी सील मऊ पडून आधीपेक्षा जास्त गळते.

बेल्टविषयी थोडक्यात: तो चकचकीत झाला असेल, भेगा असतील किंवा त्यावर तेल पडले असेल, तर तो घसरतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवताना चिरका आवाज येतो. ताण द्यायचा जुन्या पद्धतीचा बेल्ट असेल तर दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोराने दाबल्यावर तो साधारण १० मिलिमीटर दबावा. तुमचा आवाज घों असा आहे, चिरका नाही, म्हणून बेल्टवर माझा संशय कमी आहे. तरी पंपाच्या पुलीवर तेल दिसते का, हे पाहाच, कारण पंपाच्या शाफ्टचे सील गळले की तेल थेट बेल्टवर उडते. एकच लांब बेल्ट असलेल्या गाडीत तो तुटला तर स्टिअरिंगबरोबर अल्टरनेटर बंद होतो, आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो. अशा वेळी गाडी पुढे दामटली तर इंजिन तापून मोठे नुकसान होते.

इंजिनाचा आयडलही पाहावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवल्यावर पंपावर भार येतो, तेव्हा अनेक गाड्यांत दाबाचा एक स्विच इंजिनाला खबर देतो आणि आयडल सावरला जातो. तो स्विच किंवा त्याची वायर खराब असेल तर वळवताना इंजिन दबते, कधी बंद पडते. तापल्यावर आयडल ठरलेल्या आकड्यापेक्षा खाली जात असेल, तर नुसत्या त्यामुळेही तुमच्यासारखेच लक्षण दिसू शकते.

एवढे सगळे ठीक असेल, तर दाबाची चाचणी करायची. पंप आणि रॅक यांच्या मधल्या हायप्रेशर पाइपात १५० बारपर्यंतचे गेज आणि त्याच्या पुढे, म्हणजे रॅकच्या बाजूला, हाताने बंद करता येणारा व्हॉल्व्ह जोडतात. हवा काढून, तेल ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून इंजिन आयडलवर ठेवावे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि चाके सरळ असताना दाब अगदी कमी, बहुधा १० बारच्या आत असतो. तो तसा नसेल तर परतीचा पाइप कुठेतरी दबला किंवा बुजला आहे का, हे पाहावे. आता व्हॉल्व्ह बंद करायचा, पण जास्तीत जास्त ५ सेकंद, कारण त्यापुढे तेल आणि पंप दोन्ही जळू लागतात. लहान-मध्यम गाड्यांत काटा सामान्यतः ७० ते ९० बारच्या दरम्यान चढतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. व्हॉल्व्ह बंद असतानाही काटा तिथे पोहोचला नाही, तर रॅकपर्यंत तेल गेलेलेच नसते, म्हणून रॅकला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. दोष पंपाचा किंवा त्याच्या फ्लो कंट्रोल व्हॉल्व्हचा आहे. व्हॉल्व्ह बंद केल्यावर पूर्ण दाब आला, पण व्हॉल्व्ह उघडून स्टिअरिंग एका टोकाला धरल्यावर तेवढा दाब आला नाही, तर तेल रॅकमध्ये निसटते आहे. दोन्ही टोकांना वेगवेगळा दाब आला, तर पिस्टनचे किंवा व्हॉल्व्हचे सील एका बाजूला गेले आहे. टोकाला धरून ठेवतानाही ५ सेकंदांचीच मर्यादा पाळावी. ज्या गॅरेजमध्ये हे गेज नाही, तिथे रॅक बदलण्याचा सल्ला मान्य करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

पंपाचा दाब कमी निघाला तरी लगेच नवा पंप घेऊ नये. अनेक पंपांत पाइप जोडण्याचे तोंड खोलले की आत एक स्प्रिंग आणि तिच्या पुढे गुळगुळीत स्टीलची छोटी दट्ट्यासारखी सुटी कांडी असते, तोच फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह. तो स्वतःच्या वजनाने त्या भोकात खाली सरकायला हवा. अडकत असेल तर अंगावर उभी काळपट रेघ किंवा गाळाचा पापुद्रा दिसतो. स्वच्छ तेलात बुडवलेल्या २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, गोल फिरवत, अगदी हलक्या हाताने तो पापुद्रा काढावा. धार मोडू नये, कारण त्या कडेवरच त्याचे काम अवलंबून असते. मग केरोसिनने धुवून, हवेने वाळवून, नवी ओरिंग घालून बसवावा. एवढ्या कामावर कितीतरी पंप पुन्हा पूर्ण दाब देऊ लागतात. पंपाच्या आतल्या रिंगवर लाटांसारखे चरे दिसत असतील, तर मात्र पंप बदलण्याशिवाय मार्ग नाही.

तुमच्या गाडीत तेल कमी होते, म्हणजे गळती आहे, आणि ती कुठून आहे हे वेगळे शोधावे लागेल. खालचा भाग पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन दहा मिनिटे चालवून स्टिअरिंग फिरवत राहावे आणि मग टॉर्चने पाहावे. पावडर ओली झाली तिथे गळती. हायप्रेशर पाइपाचे क्रिंप केलेले (धातूची टोपी दाबून बसवलेले) टोक, पंपाचा शाफ्ट आणि रॅकचे दोन्ही रबरी बूट (टोकांवरची घड्यांची आवरणे) ही मुख्य ठिकाणे. बूट बोटांनी दाबून पाहावा. आत तेल डचमळत असेल तर रॅकच्या टोकाचे सील गेले आहे. बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बूट एका बारीक नळीने जोडलेले असतात, म्हणून एका बाजूच्या सीलचे तेल दुसऱ्या बुटातही दिसू शकते.

बुटाकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यायला हवे. काळ्या रानातून गाडी गेली की चिखल बुटाच्या घड्यांत बसतो, उन्हाने दगडासारखा वाळतो आणि स्टिअरिंग वळवताना रबर त्याच्यावर कापले जाते. फाटलेल्या बुटातून पाणी आणि माती रॅकच्या दांड्यावर जाते, दांडा गंजतो, आणि त्या गंजाच्या खड्ड्यांनी तेलाचे सील फाटते. म्हणून सील किट टाकण्याआधी दांडा बाहेर काढून बोटाचे नख त्यावरून ओढावे. नख अडले तर नवे सील काही आठवड्यांतच पुन्हा गळेल; दांडा ग्राइंड करून हार्ड क्रोम करून घ्यावा किंवा बदलावा. रिकंडिशन केलेला रॅक घेताना फक्त सील बदलले आहे, की दांडा आणि टेफ्लॉनच्या रिंगाही पाहिल्या आहेत, हे विचारावे आणि लेखी घ्यावे. पंपाचा कीस झालेला असेल तर पाइप आणि टाकी धुतल्याशिवाय नवा रॅक बसवू नये, नाहीतर तोही लवकरच खराब होतो. आणि एअरबॅग असलेल्या गाडीत रॅक सोडताना स्टिअरिंग सरळ ठेवून बांधावे. ते मोकळे फिरले तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगच्या वायरची गुंडाळी) तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

पाइप गळत असेल तर सांगली-मिरजेत जेसीबी आणि ट्रॉलीच्या जॅकचे होज क्रिंप करून देणारी दुकाने आहेत, आणि दाबाला आणि तापमानाला चालणारे होज वापरून त्यांनी केलेले काम चांगले टिकते. परतीच्या पाइपाला दाब नसतो म्हणून पाण्याचा किंवा गॅसचा पाइप लावण्याची मात्र सवय घातक आहे. तो तेलाने मऊ पडून सुटतो, आणि गरम सायलेन्सरवर उडालेले तेल पेट घेऊ शकते.

तुमच्या बंधूंच्या गाडीचे दुखणे वेगळे आहे. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये तेल नसते. टॉर्क सेन्सर हाताचा जोर मोजतो आणि कंट्रोल युनिट मोटरला करंट देते. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट यांसारख्या गाड्यांत ही मोटर स्टिअरिंग कॉलमवरच असते. अरुंद जागेत गाडी वारंवार पूर्ण वळवून मागेपुढे केली तर मोटर तापते, तिच्या बचावासाठी युनिट जोर कमी करते आणि काही मिनिटे थांबल्यावर तो परत येतो. हा बिघाड नव्हे. ते कधीही, अधूनमधून जड होत असेल आणि डॅशबोर्डवर दिवा लागत असेल, तर आधी बॅटरी पाहावी. इंजिन बंद असताना सुमारे १२.५ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. मग बॅटरीची टर्मिनल, बॉडीची अर्थ वायर आणि मोठा फ्यूज तपासावा. पुरात भिजलेल्या गाडीत डॅशखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, आणि त्या साफ करणे हाच उपाय पुष्कळदा पुरतो. स्कॅनरने कोड वाचण्याआधी बॅटरी काढू नये, कारण साठवलेली माहिती पुसली जाण्याची शक्यता असते.

आता तुमच्या गाडीचे काम कसे करावे, ते सांगतो. पहिल्यांदा टायरची हवा आणि चाके उचलून केलेली चाचणी. मग जुने तेल काढून टाकी धुवावी, ओढीच्या पाइपाचे क्लॅम्प आणि ओरिंग नव्या घालाव्यात आणि झाकणावर लिहिलेले तेल भरावे. हवा काढताना इंजिन बंद आणि चाके उचललेली ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत पंधरा-वीस वेळा हळू फिरवावे, पातळी उतरेल तसे तेल घालत राहावे, आणि त्यानंतरच इंजिन सुरू करावे. घाईने सुरू केले तर तेलाचा फेस होतो आणि तो बसायला कित्येक तास लागतात. एवढ्यावर आवाज गेला आणि तापल्यावरही स्टिअरिंग हलके राहिले, तर काम तिथेच थांबवा. नाही गेला तर दाबाची चाचणी, आणि पंपाचा दाब कमी निघाला तर त्याचा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह. तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, कारण स्टिअरिंग आणि चाकांचा यांत्रिक सांधा तसाच असतो; मात्र युनिव्हर्सल जॉइंटमध्ये किंवा टाय रॉड एंडमध्ये खेळ आढळला तर गाडी जागेवरच उभी करावी. टाकीतले तेल खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, कारण कोरडा चाललेला पंप थोड्याच वेळात कायमचा निकामी होतो, आणि स्टिअरिंग टोकाला दाबून धरायची सवय सोडा. काम झाल्यावर पातळीची खूण तेल थंड असताना पेनने टाकीवर करून ठेवा आणि आठ दिवसांनी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पुन्हा पाहा; तेल खुणेच्या खाली उतरलेले असेल तर दोन्ही बूट पुन्हा दाबून पाहायला हवेत.